मदत हवी आहे: नॅशव्हिलला आइस स्टॉर्म चालू आहे, दुपारी तापमान शून्याच्या वर जाणार या अंदाजावर किती विसंबायचं?

लष्करवाला, ग्वाल्हेर (शनिवार, रात्री ८:१०)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिलला माझी भाची शिकायला आहे. काल रात्रीपासून तिथे फ्रीझिंग रेन चालू आहे. पडतोय तो पाऊसच, पण जमिनीलगतची हवा शून्याखाली असल्यामुळे ज्याच्यावर पडेल त्याच्यावर गोठतोय. फांद्या, तारा, जिने, गाड्या, सगळ्यांवर बर्फाचं कवच चढत चाललंय. तिथे आत्ता सकाळचे पावणेनऊ वाजलेत आणि मला पुढच्या तीन-चार तासांत तिला एक नक्की सल्ला द्यायचा आहे.

प्रश्न असा. ती दुसऱ्या मजल्यावर राहते. हीटिंग पूर्ण विजेवर आहे आणि सकाळपासून वीज दोनदा डोळे मिचकावून गेली. बेडरूमच्या खिडकीला लागून मोठं ओकचं झाड आहे. तिच्या मैत्रिणीचं घर तीनेक किलोमीटरवर आहे, तिथे फायरप्लेस आहे. एचआरआरआर या अमेरिकी हवामान मॉडेलच्या सगळ्या रन, म्हणजे दर तासाला नव्याने काढलेले अंदाज, सांगताहेत की दुपारी दोनच्या सुमारास तापमान अधिक १ होईल. भाचीचं म्हणणं, "मामा, तेव्हा रस्ता सुटेल, मग निघते." ताईचा इंदूरहून फोनवर फोन, की पोरीला आत्ताच निघायला सांग. मला हे दोन्ही बेत धोक्याचे वाटतात, पण ठाम बोलण्याइतका या प्रकाराचा अनुभव मला नाही. आमचा इथला हवामानवेड्यांचा छोटा गट आहे, संध्याकाळपासून सगळे रडार उघडून बसलेत. पण आमची तालीम धुक्याची, शीतलहरीची, फार तर मोहरीवर पडणाऱ्या गारांची.

हाताशी आहे ती माहिती देतो. नॅशव्हिलच्या हवामान कार्यालयाने सकाळी सहाला सोडलेल्या बलूनचं साउंडिंग, म्हणजे वरवर जाताना केलेली हवेची नोंद, पाहिलं. जमिनीवर उणे ३. तिथून साधारण ६०० ते ७०० मीटरपर्यंत हवा शून्याखाली. त्याच्या वर गरम थर, दीड किलोमीटरवर अधिक ५, आणि तो थर थेट तीन किलोमीटरच्या आसपास संपतो. म्हणजे वरून निघालेला हिम या थरात पार विरघळतो आणि खालचा थंड थर इतका पातळ की थेंबाला पुन्हा गोठायला सवड मिळत नाही. खालचा थर जाड असता तर स्लीटच्या गोळ्या पडल्या असत्या. त्या फांदीला चिकटत नाहीत, ठणठण उडून खाली जातात. ते फार बरं झालं असतं. जमिनीवर वारा ईशान्य-उत्तरेचा, दीड किलोमीटरवर मात्र नैर्ऋत्येचा जोरदार. दवबिंदू (तो जितका खाली तितकी हवा कोरडी) पाऊस सुरू होताना उणे ९ होता, आता उणे ४.

भाचीने बाल्कनीच्या कठड्यावर टेकलेली एक डहाळी मोडून, पट्टी लावून फोटो पाठवलाय. नुसती डहाळी ४ मिमी, बर्फासकट २० मिमी. म्हणजे चहूबाजूंनी ८ मिमी थर. आत कळी जशीच्या तशी दिसते, तिच्यावरची लव सुद्धा. खालच्या बाजूला थेंब ओघळता ओघळता गोठून दात आलेत, ते मापात धरलेले नाहीत. तिथल्या बऱ्याच भागांत ६ मिमीला आइस स्टॉर्मचा इशारा देतात आणि १२-१३ मिमीला झाडं-तारा मोठ्या प्रमाणावर पडू लागतात, एवढं मला ठाऊक आहे. मी हिशेबही मांडून पाहिला: एक सेंटिमीटर जाडीच्या तारेवर १२ मिमी थर बसला तर मीटरमागे पाऊण किलो वजन वाढतं. दोन खांबांत ४० मीटर अंतर धरा, ३० किलो झाले. त्यावर एक फांदी पडली की संपलं.

तर मुख्य विचारणा: हे अधिक १ खरं मानायचं का? मॉडेल कुठे चुकू शकतं आणि ते वेळेआधी कशावरून ओळखायचं? ज्यांनी असं वादळ अंगावर घेतलंय त्यांनी घरातल्या तयारीबद्दलही सांगा.

दवबिंदू, पुणे (८:३८)

मी तरी त्या अधिक १ वर एक पाऊलही टाकणार नाही. जमिनीलगतचा पातळ थंड थर मॉडेल नेहमी लवकर पुसून टाकतात. ही हवा जड असते, खोलगट जागी मुरून बसते, आणि वरचा गरम वारा तिच्यावरून घसरत जातो, तिच्यात मिसळत नाही. एचआरआरआरची जाळी तीन किलोमीटरची आहे, तरी त्यात हे मिसळणं जरा जास्तच होतं.

आता तापमान वाढवणारं काय आहे ते बघा. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं. त्यामुळे उणे ३ चं उणे १ होईल, शून्याला टेकेलही. पण ही उष्णता शून्यापर्यंतच नेऊ शकते, कारण शून्यावर गोठणंच थांबतं. त्यापुढे जायला ऊन हवं नाहीतर दक्षिणेचा वारा जमिनीपर्यंत उतरायला हवा. ढग इतके दाट असताना उन्हाचं नाव नको. म्हणून वाऱ्याची दिशा बघत राहा. तो ईशान्येचा आहे तोवर उत्तरेकडून कोरडी थंड हवा येतच राहणार आणि गोठण्यातून मिळालेली ऊब खाऊन टाकणार. नॅशव्हिलच्या उत्तर-ईशान्येला केंटकी राज्यातली हवामान स्टेशनं काढा. तिथला दवबिंदू नॅशव्हिलपेक्षा खाली असेल तर रसद चालू आहे असं समजा.

आणि एक साधी परीक्षा. आजच्या आधीच्या रननी या तासाला किती तापमान सांगितलं होतं आणि विमानतळाचं स्टेशन आत्ता किती दाखवतंय, हे ताडून बघा. प्रत्येक तासाला मॉडेल एकाच बाजूला चुकत असेल तर दुपारी दोनलाही ते त्याच बाजूला चुकेल.

लष्करवाला (९:२५)

खूप आभार. ताडून पाहिलं. सकाळपासून प्रत्येक तासाला मॉडेल दीड-दोन अंशांनी गरम निघालंय, एकदाही थंड नाही. केंटकीतल्या स्टेशनांवर दवबिंदू उणे ७, उणे ८. वारा तसाच. म्हणजे अधिक १ म्हणजे प्रत्यक्षात उणे १ धरायचं. भाचीला सांगितलं की दुपारी रस्ता सुटेल ही आशा सोड. आता प्रश्न उरतो आत्ता निघायचं का, याचा.

टोरांटोकर (९:५२)

अजिबात नाही! १९९८ च्या जानेवारीत मी माँट्रियलला होतो. ५ ते १० तारखेपर्यंत ते चाललं, काही भागांत सगळं मिळून १०० मिमीच्या वर. हजारेक पोलादी मनोरे वाकून आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत एक गोष्ट शिकलो: अशा वेळी घरापेक्षा रस्ता वाईट, आणि रस्त्यापेक्षा झाडाखालची पायवाट वाईट. मीठ टाकलेलं असेल, उणे ३ ला ते काम करतंही, पण वरून पाऊस चालू असला की वाहून जातं. पुलांवर तर आधी बर्फ धरतो, कारण खालूनही थंड हवा लागते.

त्याच इमारतीत कुणाकडे गॅसची फायरप्लेस आहे का ते विचारायला सांगा, खालच्या मजल्यावर, झाडाच्या उलट बाजूला. नसेल तर तिने बेडरूम सोडून आतल्या एका खोलीत मुक्काम करावा. दाराच्या फटींना टॉवेल लावायचे. आत्ता वीज आहे तोवर फोन, लॅपटॉप, पॉवर बँक सगळं भरून घ्या, पोळ्या-भात करून ठेवा, टबमध्ये पाणी भरा. नळ बारीक धारेने चालू ठेवा म्हणजे पाइप तडकणार नाहीत. वीज गेल्यावर फ्रीज उघडायचा नाही, बंद राहिला तर चार तास टिकतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस.

सगळ्यात महत्त्वाचं: घरात कोळसा, बार्बेक्यू, कॅम्पिंगची शेगडी काहीही पेटवायचं नाही. शेजाऱ्यांचा जनरेटर बाहेर आणि खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मची बॅटरी आत्ता तपासायला सांगा.

लष्करवाला (१०:१५)

शेगडीचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यामुळे ताईलाही लगेच पटलं. भाचीने खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला विचारलं. त्यांच्याकडे धुरांड्याची गॅस फायरप्लेस आहे, घर मागच्या बाजूला आहे आणि त्यांनी "ये" म्हटलंय. ती सामान बांधतेय. अलार्म वाजवून पाहिला, चालू आहे.

मांडवीचा पाऊस, वडोदरा (१०:४०)

मध्येच विचारतो, माफ करा. ग्वाल्हेरला पारा दोन-तीनवर येतो, पाऊसही पडतो. मग असं तिथे का होत नाही?

लष्करवाला (११:०५)

माफी कसली, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि फोनची वाट बघताना लिहायला बरं. आपल्याकडे थंडीचा पाऊस, इथले शेतकरी ज्याला महावट म्हणतात, तो पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याबरोबर येतो. विक्षोभ आला की ढग येतात, वारा पूर्वेचा-आग्नेयेचा होतो आणि रात्रीचं तापमान उलट वाढतं. कडाका पडतो तो विक्षोभ पुढे सरकल्यावर, आभाळ निवळून वायव्येचा वारा सुटला की. पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडून बटाटा जळतो तो अशाच कोरड्या रात्री. म्हणजे पाऊस आणि गारठा पाठोपाठ येतात, एकदम येत नाहीत. शिवाय उत्तरेला हिमालय उभा आहे, सायबेरियाची जड हवा सपाटीवरून आपल्यापर्यंत घसरत येऊच शकत नाही.

तिकडे कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पूर्व-पश्चिम आडवा, हवा अडवेल असा एकही उंच डोंगर नाही. ध्रुवाकडची हवा खाली उतरते आणि आखाताची ओली गरम हवा तिच्या डोक्यावर चढते. दोघी एकाच वेळी, एकाच गावावर. नॅशव्हिल ग्वाल्हेरच्या दहा अंश उत्तरेला आहे, पण खरा फरक या डोंगराचा.

आणखी एक सांगतो. ग्वाल्हेरहूनही बलून जातो, आणि जगभर बलूनची वेळ एकच असल्यामुळे आपल्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दोन्हीकडचे एकदम वर जातात. आज दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले. आपल्याकडेही खालची हवा थंड, वरची गरम, धुक्याच्या दिवसात असते तशी. फक्त आपली थंड हवा शून्याच्या वर आणि तिकडची खाली. सगळी कथा तेवढ्या आठ-दहा अंशांत.

लष्करवाला (रात्री १:४५)

तिथे दुपारचे सव्वादोन. तापमान उणे ०.८. दवबिंदूसाहेब, तुमचं बोट बरोबर जागी होतं. साडेबारालाच वीज गेली. भाची खालच्या घरी आहे, तिथे ऊब आहे, लहान मुलं आहेत, आणि तिने केलेला भात सगळ्यांनी खाल्ला. नवीन डहाळीचं माप १२ मिमी थर. जोराचा पाऊस होता तेव्हा बरंचसं पाणी ओघळून गेलं, आता रिमझिम आहे आणि तीच जास्त चिकटतेय. ओकची एक जाड फांदी तिच्या बेडरूमच्या गॅलरीवर पडलीय, कठडा वाकलाय. फोटो ताईला अजून दाखवलेला नाही.

रडारवर पाऊस रात्री आठच्या सुमारास संपेल असं दिसतंय. त्यानंतर काय धरायचं?

दवबिंदू (२:०२)

पाऊस थांबला म्हणजे सुटलो असं नाही. कमी दाबाचा पट्टा पूर्वेला गेला की मागून वायव्येचा वारा येणार, झोत ४० ते ५० किमीचे दिसताहेत, आणि तापमान पुन्हा उतरणार. बर्फ फांद्यांवर तसाच राहील, वर वारा. पडझडीचा दुसरा फेरा तेव्हाचा. उद्या ऊन पडलं तरी झाडाखाली आणि छपराच्या कडेखाली जायचं नाही, बर्फाचे तुकडे सुटतात. आणि बेडरूममधलं राहिलेलं सामान आणायला आज कुणी वर जायचं नाही, पासपोर्ट असला तरी.

टोरांटोकर (२:१०)

खाली पडलेली तार मेलेली आहे असं कधीही धरायचं नाही. तार टेकलेल्या कुंपणाला, डबक्यालासुद्धा हात-पाय नको. खालच्या घरातल्या मुलांना हे मुद्दाम सांगायला सांगा. फोन बंद ठेवून तीन तासांनी एक मेसेज, एवढंच ठरवा.

लष्करवाला (२:२५)

पासपोर्ट तिने सकाळीच बरोबर घेतलाय. मेसेजचं ठरवलं: तिथले पाच, आठ, अकरा. मुलांना तारेचं सांगितलं. पहाटे साडेपाचचा बलून गेला की नवं साउंडिंग टाकतो, तोवर जागा आहे. त्यानंतर मला दोन-तीन तास पडायला हवं. वारा फिरण्याची वेळ नेमकी त्याच सुमाराला येतेय. विमानतळाच्या स्टेशनची वाऱ्याची दिशा आणि झोत दर तासाला इथे कुणी लिहील का?

टोरांटोकर (२:३१)

मी लिहितो. माझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात-आठ, जागाच आहे. झोत ४० च्या वर गेला तर तुम्हाला फोनच करतो, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.