हिवाळ्यात कुंडीतल्या सुगंधी वनस्पती आणि कोवळी रोपे कशी जपावीत?

हिरवाकोपरा (प्रश्न):
माझ्याकडे कुंड्यांमध्ये बेसिल, गवती चहा, पुदिना, थाइम, रोझमेरी आणि लॅव्हेंडर आहे. शिवाय उन्हाळा सरताना बियांपासून तयार केलेली सेज आणि पार्सलीची रोपे अजून लहान पिशव्यांतच आहेत. हिवाळ्यात काही रात्री पारा शून्याखाली जातो आणि पहाटे पानांवर गोठलेले दव दिसते. सगळे घरात घेण्याइतकी उजेडाची जागा नाही. अशा वेळी कोणती झाडे आत घ्यावीत, आणि बाहेरच्या झाडांवर प्लास्टिकचा कागद टाकला तर पुरेल का? पाण्याविषयीही परस्परविरोधी सल्ले ऐकले आहेत : कोणी ते बंदच करा म्हणतात, तर कोणी थंडीच्या रात्रीआधी आवर्जून द्या म्हणतात.

मातीचामाग:
घरातली जागा बेसिल आणि गवती चहा यांनाच द्या, कारण ही दोन्ही उष्ण हवेतली झाडे आहेत. बेसिलची पाने तर गोठण्याच्या कितीतरी आधी, तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की काळवंडतात. त्याचे जुने, फुलोऱ्यावर गेलेले झुडूप वाचवण्यात फारसा अर्थ नाही. कोवळ्या शेंड्यांच्या काड्या पाण्यात ठेवाव्यात आणि मुळे फुटली की लहान कुंडीत लावाव्यात. पुदिना बाहेरच राहू द्या. त्याचा वरचा भाग वाळला तरी मातीखालचे धावते खोड जिवंत असते आणि ऊब परतताच ते पुन्हा फुटते. थाइम कणखर आहे. रोझमेरी सौम्य गोठण सोसते, पण कडाक्याची थंडी लांबली तर तिला भिंतीचा आडोसा हवाच.

मला अधिक काळजी वाटते ती कुंड्यांची. जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीचे संरक्षण असते, तर कुंडीतल्या मातीला चहूबाजूंनी थंडी लागते, आणि बहुतेक झाडांची मुळे त्यांच्या फांद्यांपेक्षा थंडीला नाजूक असतात. म्हणून कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळा आणि प्रत्येक कुंडी विटांवर थोडी उचलून ठेवा, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहील. लॅव्हेंडरच्या बाबतीत हा निचरा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हिवाळ्यात ते थंडीपेक्षा मुळाशी साचलेल्या ओलीनेच जास्त दगावते.

पहाटपाळी:
झाकण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण झाकूनही झाडे गेली अशी तक्रार फार वेळा येते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे तापमापक २-३ अंश दाखवत असतानाही पानांवर दव गोठू शकते. ढगाळ रात्री हा धोका पुष्कळच कमी असतो. आच्छादन स्वतः ऊब निर्माण करत नाही. जमिनीतून रात्रभर वर येणारी उष्णता ते अडवून ठेवते. म्हणून कापड जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे आणि त्याच्या कडा विटांनी दाबल्या पाहिजेत. ते झाडाच्या बुंध्याशी आवळून बांधले, तर मातीची ऊब बाहेरच राहते आणि झाकण्याचा हेतूच निष्फळ होतो. कापड सूर्यास्तापूर्वी, माती दिवसाची उष्णता धरून असतानाच घालावे.

प्लास्टिकपेक्षा जुनी चादर किंवा बागेसाठी मिळणारे पांढरे नॉनवोव्हन कापड चांगले. प्लास्टिकच वापरायचे असेल, तर काठ्यांच्या सांगाड्यावर ताणून घाला, कारण ते जिथे पानाला टेकते तिथे पान गोठते. आणि सकाळी न विसरता काढा, नाहीतर उन्हात आतली हवा बघता बघता तापते.

पाण्याविषयीचे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते, म्हणून कोरड्या पडलेल्या कुंड्यांना थंड रात्रीच्या आदल्या सकाळी पाणी द्यावे. एरवी मात्र वरचा थर सुकल्याशिवाय देऊ नये.

रोपवाटिका:
पिशव्यांतल्या रोपांबद्दल माझे मत असे की त्यांना उबदार खोलीत नेऊ नये. सेज आणि पार्सली थंडी सोसणाऱ्या आहेत, परंतु ऊब अधिक आणि उजेड कमी अशा जागी त्या लांबट, लुळ्या वाढतात. त्यातच माती सतत ओली राहिली, तर जमिनीलगत खोड कुजून रोप आडवे होते. पिशव्या एका खोक्यात उभ्या रचाव्यात, मधल्या फटींत वाळलेला पाला भरावा आणि वर काचेचे किंवा पारदर्शक झाकण ठेवावे. ऊन असलेल्या दिवशी ते थोडे उघडावे. थंडी ओसरेपर्यंत नत्रयुक्त खत आणि छाटणी दोन्ही थांबवा, कारण त्यांमुळे येणारी कोवळी पालवी पहिल्याच गोठणीत करपते.

हिरवाकोपरा:
सर्वांचे मनापासून आभार. रोझमेरीचे काही शेंडे आत्ताच काळे पडले आहेत. ते कापून टाकावेत का?

पहाटपाळी:
इतक्यात कापू नका. वाळलेले शेंडे खालच्या भागाला थोडा आडोसा देतात, आणि नुकसान कुठपर्यंत पोहोचले आहे हे आज नेमके कळणारही नाही. कुंडी पहाटेचे थेट ऊन लागणार नाही अशा जागी हलवा, कारण गोठलेल्या पेशी झपाट्याने वितळल्या की इजा वाढते. वसंतात नवे फुटवे दिसू लागले की फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवे दिसेल तिथवर फांदी जिवंत आहे. त्याच्या वरचा भाग तेव्हा कापा. पण रोझमेरीच्या जून, पर्णहीन लाकडातून फुटवा क्वचितच येतो, म्हणून काप घेताना खाली थोडी हिरवी पाने अवश्य राखा.