एचआयव्ही : खात्रीची माहिती आणि बोलायला माणूस कुठे मिळेल?

रानवाट
नमस्कार. वय ३४, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दोन महिन्यांपूर्वी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) नाव घातलंय, रोज रात्री एक गोळी चालू आहे. बायकोची टेस्ट निगेटिव्ह आलीये, तीन महिन्यांनी परत करायचीये. तिच्याशिवाय घरात कुणाला माहीत नाही. युट्यूब लावलं की झोप उडते, एक म्हणतो मुळापासून बरं होतं, दुसरा म्हणतो दहाच वर्षं. मला मराठीत खात्रीची माहिती हवीये आणि ज्याला स्वतःला हे आहे असं कुणीतरी बोलायला. महिन्याला दोनशेच्या वर खर्च झेपणार नाही, दुकानात एकटाच असतो त्यामुळे पुण्याला सारखं येणंही होत नाही.

सह्यकडा
पुण्यात प्रायव्हेट डॉक्टर गाठा. मी पहिल्या दिवसापासून प्रायव्हेटच, रांग नाही की काही नाही, रात्री अकराला फोन केला तरी उचलतात. फी १५०० आहे पण जिवापुढे पैसा काय. आणि घरी अजिबात सांगू नका.

जुई_पावसाळी
दोनशे म्हणालेत ते, नीट वाचा की. रानवाट, १०९७ लावा, राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, नावही सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा लावला तेव्हा शब्दच फुटेना, नुसती रडत होते, पलीकडची बाई म्हणाली रडून घ्या, मी आहे लाइनवर. मग बोललो आम्ही, मराठीतच.

बांधावरचा
२००६ पासून गोळ्या खातोय. सरकारने फुकट द्यायला सुरुवात केली २००४ ला, तेव्हा सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागायच्या, त्यातल्या एका औषधाने माझे गाल बसले ते बसलेच. तुम्हाला आता टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्राविर तिन्ही एका गोळीत मिळतात आणि तरी लोक कंटाळा करतात, राग येतो मला. दहा वर्षं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची टेस्ट, करतात, तो तुम्ही स्वतः आठवणीने मागा. लोड इतका खाली गेला की टेस्टमध्ये सापडत नाही आणि तसाच टिकला, तर संबंधातून बायकोला लागण होत नाही, हे पक्कं आहे. तोवर निरोध. माझी मुलगी बारावीला आहे, निगेटिव्ह आहे.

पिंपळपार
आमच्या मावसभावाने एका वैद्याचा काढा घेतला, सहा महिन्यांत वजन वाढलं. गोळ्यांची गरजच…

जुई_पावसाळी
थांबा. माझ्या दिराने असाच काढा धरला आणि गोळ्या सोडल्या. सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, चाळीसवर आला, टीबी झाला, पावणेदोन महिन्यांत गेला. त्याच्या गोळ्यांची न उघडलेली डबी अजून माझ्या कपाटात आहे. कृपा करून इथे असलं लिहू नका.

कृष्णाकाठ
१०९७ लावा. आणि जवळच्या सेंटरला जाऊ नका, कुणीतरी ओळखीचं भेटतंच. मी जिल्हा सोडून कोल्हापूरला जातो. एआरटी सेंटरच्या दाखल्यावर एसटीचा प्रवास मोफत आहे हेही बघा.

सह्यकडा
दाखला कंडक्टरला दाखवायचा म्हणजे अख्ख्या गाडीला सांगितल्यासारखं.

कृष्णाकाठ
मी दाखवतो. आजवर कुणी ब्र काढला नाही. २०१७ चा कायदा आहे, आपल्या परवानगीशिवाय कुणी आपलं नाव फोडू शकत नाही, की यामुळे नोकरीवरून काढू शकत नाही. घरच्यांना मात्र सांगू नका, माझ्या भावाने ताट वेगळं केलं.

शेवंती
कुणी माणसांचं सांगितलंच नाही अजून. एनएमपी प्लस म्हणून पुण्यात संस्था आहे, एचआयव्ही असलेल्यांनीच चालवलेली, आणि बऱ्याच जिल्ह्यांत अशी नेटवर्कं आहेत. सेंटरच्या समुपदेशक ताईंना विचारा, त्या गाठ घालून देतात. अजून एक, ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर, नाहीतर औषध नीट लागू पडत नाही. मला हे वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

रानवाट
शेवंतीताई, मी रोज जेवल्यावर तेच पितो आणि लगेच गोळी! एक विचारू का, डबी खुळखुळते, आई शेजारच्या खोलीत असते. व्हिटॅमिनच्या बाटलीत काढून ठेवू का?

जुई_पावसाळी
काढू नका, दमट हवेने खराब होतात. त्याच डबीत वरून कापसाचा बोळा दाबून बसवा, मी तेच करते.

बांधावरचा
आणि व्हायरल लोड विसरू नका.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. सेंटर बदलत नाही, सातारलाच जाणार, कोल्हापूरला जायचं म्हणजे दुकान दिवसभर बंद. समुपदेशक ताईंनी एका काकांशी फोनवर गाठ घालून दिली, सोळा वर्षं गोळ्यांवर आहेत, रिक्षा चालवतात. तासभर बोललो. आणि तुमच्यातले दोघं नको म्हणत होते तरी काल आईला सांगितलं, कापूस घालताना तिने बघितलं आणि मला खोटं बोलवेना. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, नऊची गोळी ना, मग साडेआठला जेवत जा. आज ताट वाढलं, तिच्या ताटाला लागूनच. ॲसिडिटीचं औषध आता सकाळी घेतो. व्हायरल लोड दिवाळीनंतर आहे, रिपोर्ट आला की इथेच लिहीन.