मदत हवी आहे: सॉकेट.आयओच्या आवृत्ती ४ च्या सर्व्हरवर जुने आणि नवे क्लायंट एकत्र कसे चालवावेत?

नमस्कार,

आमच्या संदेशसेवेचा सर्व्हर सॉकेट.आयओच्या (सर्व्हर आणि क्लायंट म्हणजे वापरकर्त्याकडचा प्रोग्राम यांच्यात दुतर्फी संदेश तत्काळ पोहोचवणारी लायब्ररी) आवृत्ती २ वरून आवृत्ती ४ वर नेल्यापासून दोन अडचणी समोर आल्या आहेत. त्यांपैकी दुसरी वापरकर्त्यांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, त्यामुळे तात्पुरता उपाय करण्याऐवजी जाणकारांना विचारून पुढे जावे असे मला वाटते.

सर्व्हरवर नोड.जेएसच्या अनेक प्रक्रिया एका लोड बॅलन्सरच्या (विनंत्या प्रक्रियांमध्ये वाटणारा घटक) मागे चालतात आणि रेडिस अडॅप्टर त्यांच्यात संदेश पोहोचवून त्यांना जोडतो. संकेतस्थळावरचा क्लायंट सर्व्हरबरोबरच नवा झाला, पण मोबाइल अ‍ॅपमध्ये जुनी लायब्ररी आहे. अ‍ॅप अद्ययावत न केलेल्या लोकांची सेवा एकाएकी बंद करणे मला मान्य नाही. आवृत्ती १ आणि २ यांच्याखाली एंजिन.आयओचा (प्रत्यक्ष जोडणी सांभाळणारा खालचा थर) तिसरा प्रोटोकॉल असतो, तर ३ आणि ४ यांच्याखाली चौथा. म्हणून आवृत्ती ३.१ पासून मिळणारा ‘अलाऊ ईआयओ ३’ हा पर्याय सुरू केला आणि ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल व्हर्जन’ ही त्रुटी थांबली. जुन्या प्रोटोकॉलमध्ये पिंग (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारा छोटा संदेश) क्लायंट पाठवतो आणि नव्यात सर्व्हर, पण दोन्ही प्रकारच्या जोडण्या तासन्‌तास टिकतात, तेव्हा तिथे बिघाड नाही.

पहिली अडचण संकेतस्थळाची आहे. एकच प्रक्रिया चालू असेल तर सारे सुरळीत चालते. एकाहून अधिक प्रक्रिया सुरू केल्या की पोलिंगच्या (वारंवार एचटीटीपी विनंत्या करून संदेश मिळवण्याची पद्धत) काही विनंत्यांना ४०० हा त्रुटी क्रमांक आणि ‘सेशन आयडी अननोन’ असे उत्तर मिळते. आमचा लोड बॅलन्सर ‘आयओ’ नावाच्या कुकीवरून क्लायंटला त्याच प्रक्रियेकडे पाठवत असे आणि आवृत्ती ३ पासून सर्व्हर ही कुकी आपणहून देत नाही, हे कारण सापडले आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कुकी पुन्हा सुरू केली, तरी त्रुटी जात नाही, कारण पान एका डोमेनवर आहे, सॉकेट सर्व्हर दुसऱ्या, आणि नवा क्लायंट परक्या डोमेनला कुकी पाठवत नाही. अ‍ॅप फक्त वेबसॉकेट (एकदा उघडली की टिकून राहणारी दुतर्फी जोडणी) वापरते, त्यामुळे त्याला याची झळ नाही. संकेतस्थळावरही पोलिंग बंद करावे असे सुचवले जाते, परंतु ज्यांच्या नेटवर्कमधला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) वेबसॉकेट अडवतो त्यांना मग काहीच मार्ग उरत नाही.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. टोकनची (वापरकर्त्याची ओळख पटवणारा संकेत) पडताळणी करणारे मिडलवेअर (जोडणी स्वीकारण्याआधी चालणारा कोड) मुख्य नेमस्पेसवर (एकाच जोडणीतील संदेशांचा स्वतंत्र विभाग) लावलेले आहे आणि सर्व क्लायंट ‘चॅट’ या नेमस्पेसला जोडतात. आवृत्ती २ मध्ये प्रत्येक क्लायंट आधी मुख्य नेमस्पेसमध्ये येत असल्याने पडताळणी चुकत नसे. आता जुने अ‍ॅप त्याच वाटेने येते, मात्र नवा क्लायंट थेट ‘चॅट’मध्ये पोहोचतो आणि त्याचे टोकन कोणी तपासतच नाही. सध्या ‘चॅट’वर वेगळी तपासणी लावून हे थांबवले आहे, पण नेमस्पेस वाढत जातील तसे प्रत्येक ठिकाणी हे आठवणीने करत राहणे धोक्याचे आहे. यासाठी खात्रीची रचना कोणती?

प्रतिसाद

कुकीचा प्रश्न क्लायंटमध्ये ‘विथ क्रेडेन्शियल्स’ (परक्या डोमेनला कुकी पाठवण्याचा पर्याय) सुरू करून आणि सर्व्हरच्या कॉर्स (परक्या डोमेनवरून येणाऱ्या विनंत्यांचे नियम) सेटिंगमध्ये क्रेडेन्शियल्सना परवानगी देऊन सुटू शकतो. त्या वेळी पानाचे मूळ डोमेन नेमके लिहावे लागते, सर्व डोमेन दर्शवणारे तारांकन चालत नाही. दोन्ही डोमेन पूर्णपणे वेगळी असतील तर कुकीला ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ हे गुणधर्मही लागतील, आणि तृतीय पक्षाच्या कुकी अडवणाऱ्या ब्राउझरमध्ये तरीही अपयश येईल. म्हणून मी प्रॉक्सीमार्फत सॉकेटचा मार्ग पानाच्याच डोमेनखाली आणीन. मग कॉर्सचा प्रश्नच उद्भवत नाही.

मिडलवेअरसाठी सर्व्हरवरची ‘न्यू नेमस्पेस’ ही घटना वापरावी. प्रत्येक नवा नेमस्पेस तयार होताना ती घडते, तिथे पडताळणी लावली की कोणताही नेमस्पेस सुटत नाही. फक्त हे नोंदवण्याचे काम नेमस्पेस तयार करण्याच्या आधी व्हायला हवे आणि मुख्य नेमस्पेसवर पडताळणी स्वतंत्रपणे लावायला हवी. नव्या क्लायंटचे टोकन हँडशेकच्या (जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण) ‘ऑथ’मध्ये असते, जुन्याचे क्वेरीमध्ये (पत्त्याला जोडलेल्या माहितीत), तेव्हा दोन्ही जागा पाहाव्यात. जुना क्लायंट दोनदा तपासला जाईल, त्यामुळे आपले टोकन एकदाच वापरता येणारे असेल तर दुसऱ्या वेळी ते नाकारले जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. आमचे टोकन एकदाच वापरता येणारेच आहे, त्यामुळे शेवटचा इशारा फार मोलाचा ठरला. एका क्लायंटच्या सर्व नेमस्पेसखालची मूळ जोडणी एकच असते, तेव्हा पहिली पडताळणी सुरू होताच तिचे प्रॉमिस (निकाल तयार झाल्यावर तो देणारी वस्तू) त्या जोडणीवर ठेवून दुसऱ्या मिडलवेअरमध्ये त्याचीच वाट पाहावी असे ठरवले आहे. सॉकेटचा मार्गही पानाच्या डोमेनखाली आणत आहोत. त्याच मूळ जोडणीवर प्रोटोकॉलचा आकडा ३ की ४ हे वाचता येते. त्याची नोंद आजपासून ठेवतो, म्हणजे जुनी अ‍ॅप किती उरली हे पाहूनच जुन्या प्रोटोकॉलची परवानगी बंद करता येईल.