तक्रार काउन्सिलकडे : डॉक्टरांची युनियन, की आपलाच अर्ज कच्चा?

टाकेवाला :
"मेडिकल काउन्सिल म्हणजे डॉक्टरांची युनियन, पेशंट दगावला तरी नुसती ताकीद" असं काल इथे कुणी लिहिलं आणि त्यावर लाइकचा पाऊस पडला. अहो, पेशंट दगावला म्हणून गैरवर्तन आपोआप सिद्ध होत नाही. 1965 च्या महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल कायद्याचं कलम 22 उघडून बघा. शिक्षा तीनच: ताकीद, काउन्सिलच्या रजिस्टरमधून (डॉक्टरांच्या नोंदवहीतून) ठरावीक मुदतीसाठी नाव कमी, नाहीतर कायमचं कमी. भरपाई तिथे मिळत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग, तेही दोन वर्षांच्या आत. गैरवर्तन म्हणजे काय ते डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमावलीत आहे (2023 ची नवी आली ती तीन आठवड्यांत स्थगित झाली): संमती न घेता ऑपरेशन, खोटं सर्टिफिकेट, पेशंट पाठवल्याचं कमिशन. बिल जास्त लावलं, हे एकटं कारण पुरत नाही. आणि तक्रार हॉस्पिटलच्या नावाने टाकू नका, रजिस्टरवर हॉस्पिटल नसतं. डॉक्टरचं नाव लिहा, नोंदणी क्रमांक लिहा. हॉस्पिटलसाठी 1949 चा नर्सिंग होम कायदा वेगळा आहे.

पोच_द्या :
कलमं पाठ आहेत, अभिनंदन. पण पुरावा कुणाच्या कपाटात असतो ते सांगा की! मागितला की डिस्चार्ज कार्ड हातात टेकवून बोळवण. वाचणाऱ्यांसाठी: इनडोअर केसपेपर, ओटी नोट (ऑपरेशनची नोंद), भुलीचा चार्ट, नर्सिंग शीट आणि संमतिपत्र, प्रत्येकाचं नाव घालून लेखी मागा. अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि वेळ घ्या. मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात, वेळच नसेल तर ते कुठून मोजणार? पोच नाकारली तर स्पीड पोस्ट. कागद तीन वर्षं ठेवायचे असतात, तेही उपचार सुरू झाल्यापासून, म्हणून वर्षश्राद्धाची वाट बघू नका. मिळालेल्या संमतिपत्रावर ऑपरेशनचं नाव वेगळ्या शाईत आहे का तेही बघा. कोऱ्या फॉर्मवर सही घेतली की तिथेच दिसतं.

टाकेवाला :
नियमावलीचं 7.2 कुणीतरी वाचलं म्हणायचं! रेकॉर्ड नाकारणं हेच स्वतंत्र गैरवर्तन, मूळ निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो. एवढ्यापुरतं मान्य.

गल्लीतला_दवाखाना :
एमबीबीएसवाल्यांचं चालू द्या. सीसीएमपी (होमिओपॅथांसाठीचा ॲलोपॅथी औषधांचा कोर्स) केलेल्या होमिओपॅथने अँटिबायोटिक चुकवलं तर शिस्तभंग कोण करणार? 2014 च्या दुरुस्तीने एक वर्षाच्या कोर्सवर ॲलोपॅथीची दारं उघडली. होमिओपॅथी परिषद फार्माकॉलॉजीचा जाणकार कुठून आणणार?

साबुदाणा_गोळी :
खोकल्याला सरसकट स्टेरॉइड लिहिणारे आम्हाला फार्माकॉलॉजी शिकवणार? कोर्स सरकारी, परीक्षा सरकारी. खेड्यात रात्री दोनला दार कोण उघडतं?

गल्लीतला_दवाखाना :
दार उघडणं हा बचाव नव्हे. ज्याला औषध लिहायची मुभा, त्याला त्याच औषधाच्या नियमांनी जाब विचारा. 2025 मध्ये सीसीएमपीवाल्यांची मेडिकल काउन्सिलमध्ये वेगळ्या रजिस्टरवर नोंद करण्यावरून आयएमए (ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना) संपावर गेली ती उगाच?

साबुदाणा_गोळी :
संप पोटासाठी होता, पेशंटचं नाव पुढे केलं. वेगळं रजिस्टर आलं की काउन्सिल आम्हालाही नोटीस काढेल, तेच तर तुम्हाला हवंय ना? मग विरोध कशाला?

गल्लीतला_दवाखाना :
…बरं, हा मुद्दा चोख मारलात. पण एक वर्षाचा कोर्स तो एक वर्षाचाच.

पोच_द्या :
धागा तक्रारीचा होता हो. नियमावलीचं 8.4 म्हणतं सहा महिन्यांत निकाल. लागतो?

टाकेवाला :
नाही लागला तर 8.7 खाली प्रकरण दिल्लीला, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे (एनएमसी) नेता येतं. आणि 8.8 मध्ये "नाराज झालेली कोणतीही व्यक्ती" 60 दिवसांत अपील करू शकते.

पोच_द्या :
कागदावर. 2019 च्या एनएमसी कायद्याचं कलम 30 उघडा: अपिलाचा हक्क डॉक्टरला लिहिलाय, तक्रारदाराचं नाव नाही. त्याच कलमावर बोट ठेवून पेशंटची अपिलं परत पाठवली गेलीत. आता बोला, युनियन कोणाची?

टाकेवाला :
त्या कलमाची वकिली मी करत नाही.