रे: रे: शनिवारचं रोपांचं टेबल – कढीपत्ता आणू का नको??

ट्रेसीकर ताई, मंगळवार, सकाळी 7:50

मंडळी, जरा अर्जंट. शनिवारच्या पाडव्याच्या कार्यक्रमातल्या रोपांच्या टेबलासाठी माझ्याकडे कढीपत्त्याची 18 रोपं तयार आहेत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलीयेत, सगळी मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेल्या फुटव्यांची. मागच्या सीट्स काढल्या की व्हॅनमध्ये बसतील. पण काल बागेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर कोणीतरी टाकलं की कढीपत्ता असा इकडून तिकडे न्यायला बंदी आहे, त्यावर 140 मेसेज झाले आणि शेवटी सगळे तोंडल्यावर घसरले. इथे कोणाला नक्की माहीत आहे का? आज रात्रीपर्यंत सांगा, उगाच सीट्स काढून ठेवायच्या नाहीत मला.

सेक्रेटरी, मंगळवार, सकाळी 9:15

ताई, कढीपत्त्याचं मला माहीत नाही, पण हा विषय निघालाच आहे तर. फॉर्मवर टेबलासाठी 6 नावं आली आहेत, त्यातली 4 आपल्या सभासद यादीत नाहीत आणि दोघं तर मराठीसुद्धा नाहीत असं दिसतंय. हॉलचं भाडं आणि इन्शुरन्स मंडळाच्या नावावर आहे. बागेचा ग्रूप हा मंडळाचा उपक्रम आहे का आपला आपला आहे हे एकदा ठरवा बुवा. मागच्या वेळी ढोलवाल्यांचं असंच झालं होतं, परत तेच नको.

अप्पा, मंगळवार, सकाळी 11:02

ढोलवाल्यांचं मध्ये आणायचं काही कारण नव्हतं, पण असो. आम्ही इकडे अमेरिकेत आलो तेव्हा कढीपत्ता म्हणजे इंडियन स्टोअरमधली फ्रोजन काळी पडलेली पानं, फोडणीत टाकली की नुसती चुरचुर, वासाचा पत्ता नाही. तेव्हा युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी होतं, तिथे आम्ही रोमन लिपीत मराठी खरडायचो आणि भांडायचो. सॅक्रॅमेंटोच्या एका गृहस्थांशी माझं तिथे नाट्यसंगीतावरून दोन महिने वाजत होतं, आणि त्यांनीच एके दिवशी घरी येऊन मला कढीपत्त्याचं पहिलं रोप दिलं. अजून आहे ते, दर हिवाळ्यात बोडकं होतं आणि एप्रिलात फुटतं. मग 1996 ला मायबोली ही मराठी वेबसाइट आली, देवनागरी आली, बागकामाचे धागे आले. सांगायचा मुद्दा, तेव्हा कोणी सभासद यादी बघितली नव्हती.

नागपूरकर काकू, मंगळवार, दुपारी 12:40

अप्पा, आमच्याकडे त्याला गोडलिंब म्हणतात, कढीपत्ता वगैरे तुमच्या पुण्याकडे. लग्नानंतर सासूबाईंनी कोथिंबीर आण म्हटलं तर मी विचारलं म्हणजे सांभार ना, तेव्हापासून हसतात मला. ट्रेसीकर ताई, तुम्ही काहीही ठरवा पण स्टेजवरच्या गुढीसाठी मला दोन डहाळ्या लागतील. कडुलिंब मिळत नाही म्हणून गेली तीन वर्षं गोडलिंबच लावतेय, लांबून कळत नाही.

डेव्हिसवाला, मंगळवार, दुपारी 1:30

काकू, लांबून कळतं हो.

ताई, मूळ प्रश्नाचं उत्तर. रोपं आणू नका. एशियन सिट्रस सिलिड नावाची कीड आहे, मोठी झाली तरी तीन-चार मिलिमीटरच, पानावर तिरकी बसते, मागचा भाग वर करून, ओळखायची खूण तीच. कढीपत्ता हा लिंबा-संत्र्याच्याच कुळातला, म्हणून त्याच्या कोवळ्या पालवीवर ती आवडीने अंडी घालते. कढीपत्त्याचं फारसं बिघडत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. पण तीच कीड मग शेजारच्या लिंबावर जाते आणि तिच्यातून एचएलबी हा लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो, ज्याच्यावर औषध नाही, झाड काढूनच टाकावं लागतं. फ्लोरिडात तो 2005 ला सापडला, तिथल्या संत्र्याच्या बागांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे कॅलिफोर्नियात कीड 2008 ला सॅन डिएगोकडे दिसली आणि रोग 2012 ला लॉस एंजलिस काउंटीत, कोणाच्या तरी घरामागच्या झाडावर. म्हणजे मोठ्या बागेत नाही, आपल्यासारख्यांच्याच परसात.

क्वारंटाईनचा, म्हणजे अशी रोपं हलवायला कुठे बंदी आहे त्याचा, नकाशा राज्याच्या शेती खात्याच्या साइटवर आहे, तो बदलत राहतो, म्हणून काउंटीच्या अ‍ॅग्रिकल्चर कमिशनरच्या ऑफिसला फोन करून विचारा. डहाळ्यांचंही तेच, विचारल्याशिवाय नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्यांनी 'साबणाच्या पाण्याने धुऊन आणा' लिहिलंय त्यांचं ऐकू नका.

अप्पा, मंगळवार, दुपारी 2:05

म्हणजे सॅक्रॅमेंटोचं रोप मी बेकायदेशीर घेतलं का?

डेव्हिसवाला, मंगळवार, दुपारी 2:11

अप्पा, तेव्हा कीडच नव्हती इकडे. निवांत राहा.

मिलपिटासकर, मंगळवार, दुपारी 4:20

नमस्कार, त्या चार बिगर-सभासदांपैकी मी एक. बोलू का नको असं चाललं होतं पण लिहितेच.

मी ऑगस्टमध्ये पुण्याहून आले, एच-4 वर, म्हणजे डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर घरी. या लिस्टवर 'मिलपिटासमध्ये कोणी मराठी आहे का' अशी मेल टाकली होती, तिला एकच उत्तर आलं, फी भरायची लिंक. मग कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या, तो फोटो बागेच्या ग्रूपवर टाकला तर अर्ध्या तासात 11 उत्तरं. लोह कमी पडतंय, पाणी जास्त होतंय, आंबट ताक घाल, ताक अजिबात घालू नको. चार गल्ल्या सोडून एक तेलुगू आंटी राहतात, त्या संध्याकाळी खुरपं आणि मातीची पिशवी घेऊन दारातच. कुंडी आडवी करून, थापट्या मारून झाड बाहेर काढलं तर मुळांचा कुंडीच्या आकाराचा गड्डा झालेला. त्यांनी तो बोटांनी सोडवला, खालची मुळं छाटली, मग माझ्या ओट्यावर हात धुतले आणि चहात आलं कमी आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर गुरुवारी एक तर त्या येतात नाही तर मी जाते. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगूतलं 'करिवेपाकु' एवढंच येतं.

फॉर्मवर त्यांचं नाव मीच घातलंय. अडचण असेल तर आम्ही दोघी टेबल पार्किंगमध्ये लावू.

सेक्रेटरी, मंगळवार, संध्याकाळी 6:45

पार्किंगमध्ये नको, त्याची वेगळी परवानगी लागते.

ती लिंक ऑटो-रिप्लाय आहे, माझ्या आधीच्या कमिटीने लावलेला, मला बंद करता येत नाहीये, ज्यांना येत असेल त्यांनी कृपया फोन करावा. तुमची मेल मी खरंच बघितली नव्हती, सॉरी. चौघांना पाहुणे म्हणून बिल्ले काढतो, जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतील, केटररला शुक्रवारी दुपारपर्यंत आकडा द्यायचाय. दोन टेबलं मिळतील, सहा फुटी. खाली प्लॅस्टिक अंथरा, कॅफेटेरियात माती सांडली तर डिपॉझिट जातं. ग्रूप कोणाचा ते एप्रिलच्या मीटिंगला बघू.

ट्रेसीकर ताई, मंगळवार, रात्री 8:30

काउंटीत फोन केला, त्या बाईंनी पत्ता विचारला आणि सरळ नाही म्हणाल्या. सगळ्या फुटव्यांचं आता मी काय करू देव जाणे, नवरा म्हणतो अजून एक कुंपण होईल. त्याऐवजी गवती चहाचे ठोंब आणि मायाळू आणते, त्याला चालेल म्हणाल्या. सीट्स काढाव्या लागणार नाहीत. मिलपिटासकर, आंटींना सांग मायाळूला त्या बच्चली म्हणतात तेच आहे, बहुतेक.

नागपूरकर काकू, मंगळवार, रात्री 9:55

ते सगळं ठीक आहे, पण मग गुढीला काय लावू? खरा कडुलिंब कोणाच्या अंगणात आहे का, शनिवारी सकाळी 8 च्या आत हवा.