प्रति: अहवाल मिळाला की निबंध झाला?

इतिहासाच्या निबंधाबद्दल 'सरकारी अहवाल मिळाला की निबंध झालाच' असं वर लिहिलंय ते मला नाही पटत. अहवाल वाचायलाच हवा, पण तो कोणी नि कशासाठी लिहिला हे आधी विचारायचं. १८७५ चे दख्खनचे दंगेच घ्या, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे ला सुरुवात झाली, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले आणि चौकशी आयोगाने दोष टाकला सावकारांवर, शेतसाऱ्यावर नाही, आता सारा ठरवणारंही सरकार आणि आयोग नेमणारंही सरकारच ना!

या दंग्यांवर निबंध लिहिणाऱ्या मुलीला मी सांगितलं, आयोगाचं मत एका कागदावर काढ आणि शेजारी साऱ्याचे आकडे नि कापसाचे भाव मांड (अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला तसे ते कोसळले होते). तिचा प्रश्नच बदलला, 'दंगा कोणी केला' वरून ती 'कर्ज फिटत का नव्हतं' वर आली.