मणक्यातली सुई आणि मज्जारज्जू

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की सिझेरियनआधी भूल देण्यासाठी मणक्यात देतात ती सुई मज्जारज्जूत घुसू शकते. भीती समजण्यासारखी आहे, पण पाठीची रचना नीट पाहिली तर ती बरीच कमी होते.

मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. नवजात बाळात मात्र तो तिसऱ्याच्या आसपास असतो. पुढे कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे राहतो. त्याखाली नुसत्या नसांचा सुटा जुडगा द्रवात असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई इथेच देतात, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. नसा सहसा सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. एखादीला स्पर्श झालाच तर पायात झिणझिणी जाते, ती लगेच सांगावी.

जागा अंदाजाने ठरवत नाहीत. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडांच्या वरच्या कडा हाताला लागतात ना, त्या जोडणारी रेषा साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. पाठ वाकवून बसायला सांगतात त्यालाही कारण आहे: मणक्यांचे मागचे हाडाचे काटे एकमेकांपासून दूर जातात, फट उघडते. म्हणून त्या वेळी कंबर ताठ करू नका, हनुवटी छातीकडे घ्या.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते रक्त पातळ करणारं औषध. ते चालू असेल तर मणक्याच्या पोकळीत रक्त साठून नसांवर दाब येऊ शकतो. ते आधीच भूलतज्ज्ञांना सांगा, विचारायची वाट पाहू नका.